आधी सुई, मग शेठ

मी काय काम करते हे माझ्या सासूबाईंनी एकदा चिपळूणहून आलेल्या पाहुण्यांना सांगितलं होतं. "ती कॉम्प्युटरमधली भांडणं सोडवते." पाहुण्यांनी माझ्याकडे थोड्या आदरानं आणि बऱ्याच काळजीनं पाहिलं. मी आत जाऊन नवऱ्याला म्हटलं, "इतकी वर्षं सर्व्हिसिंग करतेय, आणि आई हे काय सांगतायत?" पेपरातून मान वर न काढता तो म्हणाला, "मला विचारलं असतं तर मला एवढंही सांगता आलं नसतं."

तेव्हा राग आला होता. आता पन्नाशी ओलांडल्यावर वाटतं, आमच्या धंद्याची इतकी नेमकी व्याख्या कुठल्या पुस्तकात नसेल.

भाईंदरजवळच्या आमच्या पेणकरपाड्यातून स्कूटर काढायची. डिकीत स्क्रू-ड्रायव्हर, केबलींचं भेंडोळं, एक जुना कीबोर्ड आणि जेवणाचा डबा. मग पूनम सागरपासून जेसल पार्कपर्यंत ज्याचा कॉम्प्युटर 'हँग होतोय' त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. लोक मला ताई, मॅडम, बेन, आंटी, तोंडात येईल ते म्हणतात. एका सोसायटीच्या वॉचमननं इंटरकॉमवर माझी ओळख करून दिली होती: "कॉम्प्युटरवाली बाई आयी है. खाना बनानेवाली नहीं, वो तो कबकी ऊपर गयी."

तर भांडण कसलं, ते आधी सांगते.

कॉम्प्युटर एकाच वेळी दहा कामं करतोय असं आपल्याला दिसतं. गाणं वाजतंय, चिठ्ठी छापली जातेय, मागे कुठेतरी व्हायरसची तपासणी चालू आहे. आत प्रत्यक्ष राबणारा मात्र एकटाच असतो, फार तर दोघं-चौघं. तो डोळ्याची पापणी लवायच्या आत थोडं हे काम करतो, ते ठेवतो, थोडं ते करतो. कोणाला कधी पुढे घ्यायचं हे ऑपरेटिंग सिस्टिम नावाची घरची कर्ती बाई ठरवते. ती बहुतेक निःपक्षपाती असते. पण तिच्या कानात सांगता येतं, की बाई गं, हे काम आधी घे, ते मागाहून घेतलंस तरी चालेल. यालाच आमच्या भाषेत प्रायॉरिटी लावणं म्हणतात. टास्क मॅनेजर उघडायचा, त्या कामावर उंदराचं उजवं बटण दाबायचं, आणि पायऱ्या दिसतात. सगळ्यात खाली 'लो', मध्ये 'नॉर्मल', वर 'हाय' आणि अगदी माथ्यावर 'रिअल टाइम'. या माथ्यावरच्या पायरीला कोणी हात लावू नये, असं मी सगळ्यांना बजावत असते.

माझ्या स्वयंपाकघरात सकाळी हेच चालतं. शेगड्या दोन. एक तव्यानं कायमची अडवलेली. दुसऱ्या शेगडीवर डब्याची भाजी, चहा, सासूबाईंचं गरम पाणी आणि दूध. मी एक उतरवते, दुसरं चढवते. बाहेर बसलेल्यांना यातलं काही दिसत नाही. त्यांना फक्त "झालं का?" विचारता येतं. भाजी मध्येच उतरवून ठेवली तर ती रुसत नाही. दूध मात्र चढवलं की मी तिथून हलत नाही. दुधाचा घरात मान मोठा आहे असं काही नाही. ते थांबत नाही, एवढंच.

गिऱ्हाइकांना हे पटवणं सगळ्यात कठीण. प्रायॉरिटी म्हटलं की त्यांना मान आठवतो. जेसल पार्कच्या एका करसल्लागारानं कुठूनतरी शिकून आपल्या सगळ्याच्या सगळ्या प्रोग्रॅमना 'हाय' लावून टाकलं होतं, आणि मग फोन केला, "मॅडम, काहीच फरक नाही." मी म्हटलं, "साहेब, सगळ्यांना व्यासपीठावर बसवल्यावर समोर कोण बसणार?" पूनम सागरचे एक काका लग्नाच्या पत्रिका जुळवून द्यायचे. त्यांचं पत्रिकेचं सॉफ्टवेअर गणित करायला लागलं की काकूंची मालिका त्याच कॉम्प्युटरवर अडखळायची, नेमकी नायिका बोलायला लागली की. मी काकांना चहाच्या निमित्तानं आत पाठवलं आणि पत्रिकेला एक पायरी खाली उतरवलं. मालिका सुरळीत झाली. काकांना अजून पत्ता नाही. ते सांगतात की हल्ली पत्रिका जुळायलाच वेळ लागतो, मुलंमुली हट्टी झालीत.

अशी भांडणं मी पुष्कळ सोडवली. एका भांडणात मात्र माणसाच्या पोटावर पाय यायची वेळ आली होती, आणि माझा तोरा असा उतरला की अजून पूर्ण चढलेला नाही.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांमध्ये हसमुखशेठचा कारखाना. ताटं, वाट्या, डबे, पिंपं. आणि मागच्या कोपऱ्यात नाव घालायचं यंत्र. आपल्याकडे भांडं बिननावाचं राहत नाही. लग्नातल्या डब्यावर मामाचं नाव, बारशाच्या वाटीवर आत्याचं. विहाराला, देवळाला, मंडळाला ताटं दिली की त्यांवर 'यांच्या स्मरणार्थ'. शेठचा निम्मा धंदा या स्मरणार्थावर चालायचा.

हे यंत्र सांभाळायचे यशवंतदादा. मूळ जालन्याकडचे. तरुणपणी भांड्यांच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसून, त्या थरथरणाऱ्या विजेच्या पेनानं हातानं नावं घालायचे. शेठनी यंत्र आणलं तेव्हा त्यांनाच बोलावून घेतलं. आता काम सोपं होतं. नाव टाइप करायचं, ताट पकडीत बसवायचं, बटण दाबायचं. सुई टकटक करत ठिपक्या-ठिपक्यांनी नाव उमटवते.

यंत्र जुनं होतं. सुईला स्वतःची अक्कल नव्हती. एक पाऊल उजवीकडे सरक, टोच; एक वर सरक, टोच; असा प्रत्येक हुकूम कॉम्प्युटरनं वेळेवर द्यायचा. कॉम्प्युटरही म्हातारा ठेवावा लागला होता, कारण यंत्राची ती रुंद केबल नव्या कॉम्प्युटरला लागतच नाही. त्याला शेगडी एकच. आणि शेठ काटकसरी, त्यामुळे त्याच एका शेगडीवर बिलं, त्याच्यावरच कारखान्याचे चार कॅमेरे, आणि सकाळी अगरबत्ती लावली की त्याच्यावरच भजनं.

एक दिवस शेठचा फोन आला. "बेन, यशवंतचा कायतरी करायला पायजे."

झालं होतं असं. आमच्याच पेणकरपाड्यातल्या एका बाईंनी वारलेल्या आईच्या पुण्यानुमोदनाला विहारात ताटं द्यायची म्हणून शेठकडे ऑर्डर दिली होती. 'कालकथित' लिहून पुढे आईचं नाव. ताटं तयार झाली, आणि मधूनमधून एखादं ताट असं निघालं, की नाव घालता घालता डोक्यावरची रेघ तुटलेली आणि पुढची सगळी अक्षरं एक पायरी खाली घसरलेली. बाई भांडल्या नाहीत. ताटं परत ठेवून एवढंच म्हणाल्या, "आईच्या नावात असा खड्डा नको हो." स्टीलवर घातलेलं नाव खोडता येत नाही. ताट भंगारात.

मी गेले तेव्हा शेठ हात मागे बांधून यंत्रापाशीच उभे होते. यशवंतदादा खाली मान घालून एकामागून एक ताट लावत होते. सगळी सरळ निघत होती.

"बघा बेन," शेठ म्हणाले, "मी उभा हाय तर सगळा बरोबर. मी घरी गेला का वाकडा. अजून एक. गुजराती नाव कधी वाकडा नाय येत, मराठीच येतो. आता बोला, मशीन गुजराती-मराठी समजते काय?"

दादांनी पुढचं ताट पकडीत बसवलं.

मी केबली बदलल्या, अर्थिंग तपासलं, टास्क मॅनेजर उघडून कोण किती खातंय तेही पाहिलं. सगळे शांत. मी हात झटकले आणि म्हटलं, "शेठ, मशीन ठीक आहे."

स्कूटर सुरू करताना माझ्या लक्षात आलं की मी काय बोलून आले. मशीन ठीक आहे म्हणजे मग कोण ठीक नाही? तिथे दुसरं होतंच कोण?

दुसऱ्या खेपेला मी ते गुजराती-मराठी मनावर घेतलं आणि मराठीचा फाँटच बदलून टाकला. जाड रेघेचा नवा फाँट. शेठना अर्धा तास समजावून सांगितलं की देवनागरी कशी गुंतागुंतीची असते. खरी गोष्ट एवढीच होती, की गुजराती अक्षरांना डोक्यावर रेघ नसते. रेघ नाही तर तुटलेली दिसणार कुठून? अक्षर खाली घसरलं तरी वाटायचं, लिहिणाऱ्याची ढब आहे. चूक दोन्हीकडे होत होती, चुगली फक्त मराठीची रेघ करत होती. हे कळायला शिक्षण लागत नाही, नुसते डोळे लागतात. माझे तेव्हा फाँटच्या यादीत होते.

डोळ्यांवरून आठवलं. शेठनी यशवंतदादांना डोळे तपासायला पाठवलं. चष्मेवाल्यानं बारीकसा नंबर काढून चष्मा गळ्यात मारला. ताटं वाकडीच. मग शेठनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "पीता-बीता तो नहीं ना? तुम्ही लोक ओळखता एकमेकाला." मी म्हटलं, "शेठ, ते माळकऱ्यासारखे राहतात, सुपारीसुद्धा खात नाहीत." शेठ म्हणाले, "तो फिर ध्यान नहीं है." आणि पुढे म्हणाले, "एक ऑर्डर परत गेली, चलो. त्या बेनला मी नवी ताटं देणार, फुकट. पण ती पण बिघडली तर यशवंतला घरी बसवीन. मला वाईट वाटेल, पण बसवीन."

तिसऱ्या खेपेला मी सगळा कॉम्प्युटर पुसून नव्यानं भरला. आठवडाभर एकही ताट वाकडं आलं नाही. शेठनी मला फाफडा-जिलेबी खायला घातली. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "शेवटी मुळावर घाव घालावा लागतो." मग कॅमेरेवाला येऊन आपला प्रोग्रॅम परत बसवून गेला, शेठचा मोबाईल पुन्हा जोडून गेला, आणि ताटं पुन्हा वाकडी यायला लागली. या दोन गोष्टी इतक्या शेजारी-शेजारी होत्या की कोणीही हात लावून ओळखल्या असत्या. मी जिलेबीच्या गुंगीत होते.

त्या सुमारास दादांनी मला चहाच्या टपरीवर गाठलं.

"ताई, माझाच हात असंल."

"दादा, यात हात कुठे लागतो? नुसतं बटण दाबायचं."

"तेच तर म्हणतो. बटण दाबूनपण बिघडायला लागलं, म्हंजे बघा."

मग त्यांनी सांगितलं की ते घरी जुनं पेन काढून बसतात. हात थरथरतो का ते बघायला भांड्यांवर नावं घालून पाहतात. बायकोचं, मुलीचं, गावाचं. "बायको म्हणती, आता उलथन्यावरबी जागा राहिली न्हाई. चोर आला तरी आपलं काही नेनार न्हाई, नाव वाचूनच दमंल." ते हसले. मीही हसले. पण चष्मा पुसायला त्यांनी काढला तेव्हा मला दिसलं की हा माणूस हळूहळू शेठचं म्हणणं मान्य करायला लागलाय.

विहाराची नवी ताटं दुसऱ्या दिवशी द्यायची होती तेव्हा मी चौथ्यांदा गेले. त्या दिवशी एक फरक होता. शेठची कंबर धरली होती आणि ते घरी पट्टा लावून पडले होते. एरवी मी येणार म्हटलं की ते आधीच येऊन यंत्राशेजारी उभे राहायचे.

दादा म्हणाले, "तुम्ही बसा ताई मशीनवर, मी चहा सांगून येतो. बघू तुमच्याकडून कसं येतं."

मी भंगारातलं एक ताट लावलं. चाचणीला मी नेहमी सासूबाईंचं नाव घेते, पार्वताबाई. लांबलचक रेघ, मध्ये कुठे खोच नाही. एकामागून एक तेच नाव येत राहील असं लावून दिलं. सुई चालू झाली. टकटक टकटक. एक नाव सरळ. दुसरं सरळ. तेवढ्यात फोन.

"बेन, पंखा चालू करा ना, घाम येतो तुम्हाला."

"शेठ? तुम्हाला काय माहीत?"

"मोबाईल पे सब दिखता है. तुमचा डबा उघडा हाय पाठी, झाकण लावा. मांजर येते."

मी मागे वळून डब्याला झाकण लावत होते आणि कानावर आलं: टकटक, टक... टकटक. गाणाऱ्याला ठसका लागावा तसं. वळून पाहिलं तर 'पार्व' वर आणि 'ताबाई' एक पायरी खाली.

मी फोन कानाला तसाच धरून ताटावर वाकले.

"हॅलो? बेन?"

"शेठ, एक काम करा. फोन ठेवू नका. पण मोबाईलवरचा कारखाना बंद करा."

"का?"

"करा ना."

सुई सरळ चालली. पार्वताबाई, पार्वताबाई.

"आता उघडा."

टकटक, टक... टकटक. खड्डा.

"बंद करा." सरळ. "उघडा." खड्डा.

"बेन, तब्येत बरी हाय ना?" शेठनी विचारलं.

मी टास्क मॅनेजर उघडला, शेठ मोबाईलवर बघत असताना पहिल्यांदाच. आणि सगळं समोर आलं. कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम 'हाय' वर बसलेला होता. सुईचा आपला 'नॉर्मल'. शेठनी घरून मोबाईल उघडला की चार कॅमेऱ्यांची चित्रं दाबून लहान करून तिकडे पाठवायची, हे भलतं जड काम. ते पहिल्या मानाचं, म्हणून आख्खी शेगडी त्याला. सुईचा हुकूम पापणीभर उशिरा यायचा, सुईचं एक पाऊल चुकायचं, आणि तिथून पुढचं नाव घसरायचं. मी यायचे तेव्हा शेठ स्वतः हजर असायचे. मग मोबाईलवर बघणार कोण? म्हणून माझ्यासमोर सगळं सरळ. म्हणून शेठ उभे असताना सरळ. आणि शेठ घरी जाऊन, यशवंत नीट करतोय ना, असं म्हणून जितक्या वेळा बघायचे तितक्या वेळा वाकडं. काळजी वाढली की बघणं वाढायचं, बघणं वाढलं की खड्डे.

कॅमेरेवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मैं क्या करूँ मॅडम, शेठने बोला था, मेरा पिक्चर अटकना नहीं चाहिए."

आता इथे मी शहाण्यासारखं वागायला हवं होतं. आनंदाच्या भरात मी सुईला उचललं आणि थेट माथ्यावरच्या पायरीवर नेऊन बसवलं. रिअल टाइम. तीच, जिला कोणी हात लावू नये. दुसऱ्या क्षणाला उंदीर गोठला, कीबोर्ड गोठला. मी 'थांब' म्हणतेय हे ऐकायला कॉम्प्युटरला फुरसतच नव्हती. सुई मात्र आनंदात. ताट संपलं तशी ती पहिल्या ओळीवर परतली आणि घातलेल्या नावांवरच नावं घालत सुटली. पार्वताबाई, पार्वताबाई, पार्वताबाई. मी कळा दाबतेय, काही उपयोग नाही. दादा चहाचे ग्लास घेऊन आत आले, एक नजर टाकली आणि भिंतीवरचं मेन बटण पाडलं.

शांतता झाल्यावर त्यांनी ताट वाचलं. "कोनाचं नाव म्हनायचं हे?"

"सासूबाईंचं."

"तरीच," ते म्हणाले.

मग नीट केलं. सुई 'हाय' वर, कॅमेरा 'नॉर्मल' च्या खाली. ही पायरी प्रोग्रॅम बंद केला की विसरली जाते, म्हणून सकाळी मशीन चालू होताच दोघं आपापल्या पायरीवर बसतील अशी व्यवस्था लावून ठेवली. आता उरले शेठ. त्यांना मी तसंच बोलावून घेतलं. ते कमरेला पट्टा बांधून रिक्षातून आले, कण्हत खुर्चीत बसले. आधी मी जुनी मांडणी लावली आणि त्यांच्याच मोबाईलवर त्यांनाच कारखाना बघायला सांगितला. समोर यशवंतदादा यंत्रावर. खड्डा पडला. मोबाईल बंद, सरळ. शेठनी स्वतः दोनदा करून पाहिलं.

"म्हणजे माझ्या नजरेनी वाकडा येतो?"

"नजरेचं काही नाही शेठ. तुमचं बघणं पहिल्या पायरीवर होतं, एवढंच."

"मालकाचा पहिला नाय तर कोणाचा पहिला?"

"शेठ, घरात जेवायला पहिलं ताट कोणाला वाढतात?"

"मला."

"आणि गॅसवर काय काय असतं तेव्हा भाभी कोणाकडे बघतात? तुमच्याकडे की दुधाकडे?"

"दूधकडे. मी हाक मारली तरी नाय बघत."

"सुई दूध आहे. चित्र पापणीभर थांबलं तर तुमचं काही जात नाही. सुई थांबली तर ताट जातं."

यशवंतदादा हे सगळं उभ्यानं ऐकत होते. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, त्याची घडी घातली आणि म्हणाले, "मग शेठ, ह्यो परत घेईल का तो चष्मेवाला?"

शेठ माफी मागणाऱ्यातले नाहीत. त्यांनी तो चष्मा मागून घेतला आणि खिशात ठेवला. मग म्हणाले, "यशवंत, जेवला काय?" आणि दादांनी न्हाई म्हटल्यावर स्वतःच्या घरी फोन करून डबा मागवला. मी आपल्या डब्याचं झाकण परत उघडलं. आम्ही तिघं एकत्र जेवलो. शेठच्या कढीत साखर फार होती, दादांनी दोनदा घेतली.

ताटं वेळेवर गेली. विहारात त्या दिवशी भोजनदानाला मीही होते. जेवण झाल्यावर ताट धुऊन वाळत ठेवताना मी हळूच नावावरून बोट फिरवलं. रेघ सरळ होती. त्या बाई पलीकडे दुसरं ताट पुसत उभ्या होत्या, त्याही बोट फिरवत होत्या.

मी घरी आणलेलं ते भंगारातलं ताट सासूबाईंनी ताब्यात घेतलं. नावावर नाव, मध्ये खड्डे, वाचता येणं कठीण. त्या रोज त्यातच जेवतात. म्हटलं, "आई, फेकून द्या, चांगलं घालून आणते." तर म्हणतात, "राहू दे. माझं नाव इतक्या वेळा कोणी घेत नाही या घरात."

खरं तर शेठनी कॅमेऱ्यांसाठी वेगळा कॉम्प्युटर घ्यायला हवा होता. मी तसं सांगितलंही, अजून सांगते. ते म्हणतात, "चालतंय ना?" चालतंय खरं. पण सुरुवातीला त्यांचा रोज फोन यायचा. "बेन, पिक्चर अटकतो. यशवंतचा हात वर हाय तर वरच." मी एकदा कंटाळून म्हटलं, "शेठ, चित्र अडकलं म्हणजे सुई चालू आहे असं समजा. छान हलतंय म्हणजे काम बंद." मग म्हणाले, "अच्छा." त्यानंतर तक्रार आली नाही. दादा सांगायचे की शेठ आता मोबाईल उघडतात, चित्र अडकलेलं दिसलं की लगेच बंद करून खिशात टाकतात. पूर्वी तासन्‌तास बघायचे.

मागच्या उन्हाळ्यात यशवंतदादा पुतण्याच्या लग्नाला गावी गेले, आणि तिथेच जरा रेंगाळले. एके दुपारी मी जेसल पार्कला एकाचा प्रिंटर उघडून बसले होते, आणि हसमुखशेठचा फोन आला.

"बेन, पिक्चर एकदम क्लियर चालतो."

"मग चांगलंय की, शेठ."

"काय चांगलं? सकाळपासून बघतोय. खुर्ची क्लियर, मशीन क्लियर, पंखा क्लियर." मग म्हणाले, "तुमच्या ओळखीचा हाय ना तो. विचारा ना त्याला, कधी येतो."